शीट क्रमांक चारशे बारा

दोघींना तीन-तीनच पाकळ्या.
दोघींना सहा केसर, आणि केसरांवर जांभळी लव,
पहाटे विहिरीत उतरणाऱ्याच्या दंडावर
काटा फुलावा तशी.
दोघी सकाळी उघडतात,
जेवणवेळेपर्यंत विरघळून जातात. बोट लावलं
तर बोटाला नुसती ओल.

आता फरक.
आभाळीला दोन रांगांत होडीसारखी सदकं,
चप्पल लाईनला जोड रचतात तशी,
एकाच्या टाचेवर दुसऱ्याचा अंगठा.
निळवंती बुटकी. पानं आखूड, अंगभर पांढरी लोकर,
आणि घर म्हणाल तर चमचाभर माती,
जांभ्याच्या खळग्यात.
एवढं सांगितलं की पोरं वहीत उतरवून घ्यायची
आणि परीक्षेत उलटं लिहायची.

मी पोरांना शिकवणारा नव्हे.
मी मुजावर. वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये
तीस वर्षं बाटल्या धुतल्या, रद्दीत फुलं दाबली,
डांबराच्या गोळ्या बदलल्या.
कपाट तिसरं, खण खालचा, शीट क्रमांक चारशे बारा:
मसाई पठार. आभाळी. खाली सही,
नेर्लेकर मॅडमची, टपोरी, शाईची.

दाबलं की निळं पहिल्यांदा जातं.
मग उरतो चहाच्या डागाचा रंग,
आणि त्या रंगात सगळ्या बहिणी सारख्याच.
पण रिटायर व्हायच्या आठवड्यात धूळ पुसताना
भिंगाखाली मला लोकर दिसली.
सदकं नव्हती. होडी नव्हती.
मूळ असतं तर वाद मिटला असता,
कारण आभाळी खाली कंद धरून बसते.
मूळच नव्हतं. देठ मधेच तुटलेला.
आणि ते रोप उपटणारा हात
माझा होता.

मग काय, रंकाळा स्टँडवरून सहाची गाडी धरली,
पन्हाळ्याला उतरून पुढं पायी.
भादव्यातलं धुकं, चष्म्याच्या आत-बाहेर.
कातळावर पालथा पडून बघत होतो तर
डोक्याशी म्हशीचं तोंड, आणि मागं
घोंगडीतला धुळा यमगर:
"काय हुडकाय लागलाय, मास्तर? पैसं पडलं काय?"
म्हटलं, फुलं. ही आणि ती. दोन वेगळ्या हायत.
तो वाकला. बराच वेळ बघितलं.
"व्हय की. ही म्हस खाती.
ही खाईत न्हाई, तोंडात लोकर येती."

एवढंच. भिंग नाही, पुस्तक नाही.
मी खुरप्याच्या टोकानं आभाळीच्या बुडाची माती सारली,
कंद दिसले, बोराएवढे, गार.
परत झाकले.
निळवंतीपाशी खुरपं टेकवलं आणि थांबलो.
खाली दगडच. त्या वर्षी
मी खेचलं असेल, दगडानं सोडलं नसेल,
तुटलं ते मॅडमच्या हातात दिलं,
त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.
की बघितलंच नाही? पाऊस होता. गाडी चुकायची होती.
विचारायला आता मॅडम नाहीत.

जुनं लेबल फाडायचं नसतं.
हेही त्यांनीच शिकवलेलं:
चूक राहू द्यायची, शेजारी नवी चिठ्ठी डकवायची,
नाव, तारीख, कोणी ओळखलं ते.
शेवटच्या दिवशी सगळे हॉलमध्ये
माझ्या नारळ-शालीची तयारी करत होते तेव्हा
मी डिंक लावत होतो.
निळवंती, लिहिलं. तारीख टाकली.
'कोणी ओळखलं' इथं पेन थोडा थांबला.
मग लिहिलं: धुळा यमगर,
आणि त्याची एक म्हैस.
सही माझी केली, बारीक,
मॅडमच्या सहीला लागणार नाही अशी.